घुबडांच्या घरट्यांची वही

१

कपाटाची दोन्ही कुलुपं शाबूत होती आणि आत वही नव्हती.

जानेवारीचा पहिला रविवार, सकाळचे दहा. टिळक रस्त्याच्या मागच्या गल्लीत, एका बुकबाइंडरच्या दुकानावर आमच्या दगडफूल निसर्ग न्यासाची खोली आहे. खोली एक, टेबल एक, खुर्च्या सहा, विश्वस्त पाच. सहावी खुर्ची डुगडुगते, म्हणून पाहुण्यांसाठी ठेवलेली आहे.

विश्वस्तांपैकी एक मी, श्रीनिवास खाडिलकर. शाळेत तेहतीस वर्षं गणित शिकवलं. निवृत्त झाल्यावर बायकोनं 'घराबाहेर काहीतरी बघा' म्हटलं, म्हणून निसर्गाकडे वळलो. न्यासाची इतिवृत्तं मी लिहितो. थोडक्यात लिहितो, आणि त्याचा मला अभिमान होता. होता, असंच म्हणायला हवं.

धायरीपासून खडकवासल्यापर्यंतच्या टेकड्यांत जुन्या, बंद पडलेल्या दगडखाणी आहेत. त्यांच्या कड्यांवर शृंगी घुबडं घरटी करतात. घुबड म्हटलं की लोकांच्या डोक्यात काय काय येतं हे मी सांगायला नको. काहींना ते मंत्रतंत्रासाठी हवं असतं, काहींना फोटोसाठी. पाखराच्या दृष्टीनं दोघांत फारसा फरक नाही. म्हणून घरटी नेमकी कुठे आहेत ते एकाच वहीत लिहिलेलं असतं. ती वही लोखंडी कपाटात, कपाटाला दोन कुलुपं, एक चावी अध्यक्षांकडे आणि दुसरी कार्यवाहांकडे. महिन्याच्या पहिल्या सोमवारी दोघं मिळून कपाट उघडतात, आमचे राखणदार सोनबा वहीत नोंद करतात, आणि वही पुन्हा आत जाते.

त्या रविवारी वही एक दिवस आधीच काढायची वेळ आली, कारण शुक्रवारी घात झाला होता. शहरातल्या हौशी फोटोवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर घुबडांच्या नऊ घरट्यांची यादी फिरली होती. खाणीचं नाव, कोणता कडा, किती उंचीवर, सगळं. धायरीमागच्या खाणीत रविवारी सकाळपासून तीस-चाळीस माणसं कॅमेरे लावून बसली होती, आणि मादी अंड्यांवरून उठून समोरच्या बाभळीवर जाऊन बसली होती.

अध्यक्ष सुनीतीताईंनी त्यांची चावी फिरवली. कार्यवाह अभय शिराळकरांनी त्यांची. दार उघडलं आणि आम्ही सगळे वाकून आत बघू लागलो.

"कपाट रिकामं आहे," अभय म्हणाले. मग वळून त्यांनी एकच वाक्य उच्चारलं, आणि त्या वाक्यानं खोलीतली हवा बदलली.

"सोनबांना आजच कामावरून कमी करण्याचा ठराव मी मांडतो."

२

सोनबा बाहेर जिन्याच्या तोंडाशी उभे होते. एकोणीस वर्षं खाणी राखणारा माणूस. उन्हाळ्यात वणवा विझवताना एक कान भाजून घेतलेला. अभय काही मुद्दाम हळू बोलत नव्हते, तेव्हा ठराव त्यांनी ऐकलाच असणार.

"डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी वही शेवटची काढली," अभय म्हणाले. "सोनबांनी लिहिलं आणि त्यांनीच ती फळीवर ठेवली. आम्ही कुलपं लावली. ठेवली की पिशवीत घातली, हे कोण बघायला गेलंय? विश्वास होता."

"ते आपल्या ग्राउंडवरचे सर्वात सीनियर आहेत यार," सलिल म्हणाला. सलिल आमचा तरुण विश्वस्त, हिंजवडीत नोकरी, वाक्यात निम्मे शब्द इंग्रजी. "पण लॉजिकली, अ‍ॅक्सेस दुसऱ्या कुणालाच नव्हता."

सुनीतीताई काही बोलल्या नाहीत. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत, वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापक होत्या, हा न्यास त्यांनीच उभा केला. त्या आपल्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या.

"मतदान घेऊ या," अभय म्हणाले.

"घेऊ. पण मला अर्धा तास द्या."

हे बोलल्या आम्रपाली ओव्हाळ. आमच्यातल्या सर्वात नव्या. सरकारी अभिलेख कक्षात एकतीस वर्षं नोकरी केलेली बाई. नऊ महिन्यांपूर्वी त्यांचं नाव आलं तेव्हा मीच म्हटलं होतं, की यांना पाखरांतलं काय कळणार. माझ्या त्या वाक्याची मला आज लाज वाटते, म्हणून इथे लिहून ठेवतो.

"अर्ध्या तासात काय होणार?" अभयनी विचारलं.

"एका माणसाची एकोणीस वर्षं आपण दहा मिनिटांत खोडतोय," ओव्हाळबाई म्हणाल्या. "अर्धा तास फार नाही. आपण विश्वस्त आहोत. मालक असतो तर कशालाही घाई केली असती."

अभयनी घड्याळाकडे पाहिलं. पुण्यात याला होकार म्हणतात.

बाईंनी सलिलकडून ती यादी मोबाइलवर घेतली, स्वतःच्या हातानं कागदावर उतरवली आणि सोनबांना आत बोलावून डुगडुगत्या खुर्चीवर बसवलं.

"सोनबा, ठराव ऐकलात?"

"ऐकला." ते जमिनीकडे बघत होते. "बाई, नोकरीचं मी काय म्हनत न्हाय. पर गावात म्हनतील, घुबडं इकली यानं. माझ्या नातवंडांनी ते ऐकायचं का?"

"ही यादी वाचा."

सोनबांनी चष्मा लावला. ओळीवर बोट ठेवत खाली गेले. चौथ्या ओळीवर थांबले, पाचवीवर भुवया चढल्या, आणि शेवटाला पोचेपर्यंत त्यांच्या चेहऱ्यावरचं दुःख जाऊन तिथे चक्क राग आला होता.

"ह्ये कुनी लिवलंय?" ते म्हणाले. "ह्यातली पाच घरटी हायतच न्हाईत!"

३

खोलीत एकदम बोलणं सुरू झालं. ओव्हाळबाईंनी हात वर केला तसे सगळे गप्प झालो. वर्ग शांत करायची ही कला मला तेहतीस वर्षांत साधली नव्हती.

"नाहीत म्हणजे?"

"औंदा चारच हायेत. ही बाकीची पाच गेल्या सालची. कडा रिकामा हाय तितं." सोनबांनी हवेत वही उघडल्यासारखे दोन्ही पंजे पसरले. "डाव्या पानावर गेल्या सालचं, उजव्या पानावर औंदाचं. समोरासमोर ठिवलं की जोडी कुठनं कुठं सरकली ते दिसतंय. दिवाळीपासनं असंच लिवतोय. साल टाकत न्हाय मी, मला ठावं असतंय."

"म्हणजे ज्यानं यादी केली त्यानं दोन्ही पानं यंदाची समजून उतरवली."

"तसंच झालंय."

"तर मग यादी तुम्ही केलेली नाही," बाई म्हणाल्या. "स्वतःची वही चुकीची कोण वाचेल?"

सोनबांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मला वाटलं, झालं, सुटला बिचारा. पण अभय सहजासहजी हार मानणारे नाहीत.

"मुद्दाम चुकीची दिली असेल. म्हणजे पकडलं गेलं तर असंच म्हणता येईल."

"पाच चुकीची दिली असती तर चार खरी कशाला दिली असती? आणि धायरीचं पहिलंच खरं कसं?" बाईंनी विचारलं. "ते राहू दे. डाव्या-उजव्या पानांचं आपल्यापैकी कोणाकोणाला माहीत होतं?"

"सगळ्यांनाच," सलिल म्हणाला. "ऑक्टोबरच्या मीटिंगमध्ये सोनबांनी डेमो दिला ना. सगळे प्रेझेंट होते."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी इतिवृत्ताची वही पुढे सरकवली. ऑक्टोबरचं पान, वर पाच सह्या. हजेरी पूर्ण.

"आता चाव्यांचं," बाई म्हणाल्या. "डिसेंबरच्या त्या सोमवारनंतर अभयजी, तुमची चावी सतत तुमच्याकडेच होती?"

"हो. म्हणजे, मधे मी मुलीकडे बंगळुरूला गेलो होतो. दहा दिवसांसाठी गेलो, आठव्या दिवशी परत आलो. तेवढ्यात चावी खाडिलकरांकडे ठेवली होती."

चार माणसांनी एकाच वेळी माझ्याकडे पाहिलं. तेहतीस वर्षं मुलांना फळ्यासमोर उभं केलं, त्या सगळ्यांची मी मनातल्या मनात माफी मागितली.

"माझ्याकडे होती," मी म्हणालो. "म्हणजे दोन दिवस होती. मग मी ती..."

आणि तिथेच माझी जीभ थांबली. कारण चावी मागितली गेली होती, आणि मी ती दिली होती, आणि आजपर्यंत मला त्यात विचार करण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. त्या व्यक्तीला कोण 'कशाला' विचारणार?

"थांबा," ओव्हाळबाई झटकन म्हणाल्या. "नाव आत्ता घेऊ नका."

४

त्या उठून खिडकीशी गेल्या. खाली बाइंडर सुनीतीताईंसाठी नेहमी एक खुर्ची ठेवतो, गुडघ्यांमुळे त्यांना जिना दोन टप्प्यांत चढावा लागतो म्हणून. बाई थोडा वेळ त्या खुर्चीकडे बघत उभ्या राहिल्या. मग टेबलाशी आल्या आणि माझं ऑक्टोबरचं इतिवृत्त मोठ्यानं वाचू लागल्या.

"'विषय तीन. रोपवाटिकेस कै. दामले यांचे नाव देणे. विषय अध्यक्षांच्या पतीसंबंधी असल्याने अध्यक्ष बाहेर गेल्या. ठराव संमत. विषय सहा आधी घेण्यात आला. सोनबा यांनी वहीची नवी पद्धत समजावून सांगितली. विषय चार.' खाडिलकर सर, सहावा विषय तीनच्या पाठोपाठ का?"

"सोनबांना स्वारगेटवरून धायरीची बस गाठायची होती. ते उठूनच उभे राहिले होते. म्हणून त्यांचं आधी उरकलं."

"आणि पद्धत काय होती ते तुम्ही लिहिलं नाहीत."

"थोडक्यात लिहिलं," मी म्हणालो. याहून वाईट वाक्य मी आयुष्यात बोललेलो नाही.

बाईंनी वही मिटली. आवाज अजिबात चढवला नाही.

"मी माझा तर्क सांगते, चुकला तर सांगा. पाच सह्या आहेत, पण सोनबा बोलत असताना खोलीत चारच जण होते, पाचवी व्यक्ती अजून खालून वर आली नव्हती. पाचव्या व्यक्तीनं नंतर इतिवृत्त वाचलं तरी त्यात पद्धत नव्हती. पुढे डिसेंबरात त्याच व्यक्तीकडे सहा दिवस दोन्ही चाव्या होत्या. वही बाहेर काढली गेली ती चोरण्यासाठी नाही. चोराला उतरवून घेऊन परत ठेवणं सोयीचं, म्हणजे कुणाला कळतही नाही. वही परत ठेवायचीच होती. पण अभयजी दोन दिवस आधी आले, चावी तातडीनं परत करावी लागली, आणि वही बाहेरच राहिली. मग यादी फुटली. मग सांगणं रोज जास्त अवघड होत गेलं." त्यांनी कपाटाकडे बोट दाखवलं. "आज कपाट उघडलं तेव्हा आपण सगळे आत वाकलो. एक व्यक्ती तोवर आपल्या खुर्चीकडे परत निघाली होती. तिला आत बघायची गरज नव्हती."

अभयचा चेहरा पांढरा पडला होता. सलिलनं मोबाइल उलटा ठेवला. त्याला एवढा गंभीर मी कधी पाहिला नव्हता.

"आता मतदान घेऊ या," ओव्हाळबाई म्हणाल्या. "पण आपल्या न्यासाचा एक नियम आहे. ज्या विषयाशी आपला स्वतःचा संबंध असेल, त्यात आधी तसं जाहीर करायचं. सोनबांना काढण्याच्या ठरावात कोणाचा असा संबंध आहे का?"

आपण मराठी माणसं वडीलधाऱ्यांना प्रश्न विचारत नाही. तो प्रश्न कोणालाही उद्देशून नव्हता. त्याचं उत्तर देण्याची मोकळीक होती, न देण्याचीही होती. मी टेबलाच्या कडेकडे बघत बसलो आणि मनात म्हटलं, नको, कृपा करून नको.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"माझा आहे," सुनीतीताई म्हणाल्या. टेबलाचा आधार घेऊन त्या उभ्या राहिल्या. "वही माझ्या घरी आहे. यादी मी केली."

५

त्यांनी काही लपवलं नाही. त्यांचा एक जुना विद्यार्थी आला होता. खाणींचा अहवाल करतो, सरकारदरबारी देतो, खाणींना कायमचं संरक्षण मिळेल, असं म्हणाला. ताईंचे गुडघे गेले, पुढच्या वर्षी आपण असू नसू, त्याआधी हे एक मार्गी लागावं असं त्यांना वाटलं. न्यासापुढे विषय आणला असता तर तीन महिने गेले असते, आणि अभय नाहीच म्हणाले असते. यमुनाबाई त्यांच्याकडे स्वयंपाकाला येतात. अभय आल्याचं मी फोनवर कळवलं तेव्हा ताईंनी त्यांच्याच हाती चावी परत पाठवली. नऊ घरट्यांचा कागद तोवर विद्यार्थ्याच्या खिशात गेला होता. यादी फुटल्यावर त्यानं ताईंचा फोनही उचलला नाही.

"अभयनं सोनबांचं नाव घेतलं तेव्हाच मी उठायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "एक तास मी गप्प बसले. यादी देणं ही चूक होती. हा तास मात्र पाप आहे."

मग त्या सोनबांकडे वळल्या. त्यांच्यासमोर उभं राहून, सगळ्यांदेखत, त्यांनी हात जोडले. "सोनबा, मला माफ करा असं म्हणायचा मला हक्क नाही. तुम्ही प्रामाणिक आहात आणि मी तुम्हाला चोर ठरू दिलं."

सोनबा धडपडून उठले. "ताई, हात खाली करा."

"मी राजीनामा लिहून देते."

"लिवा की, उद्या लिवा." सोनबांचा आवाज कडक झाला. "पर आत्ता मादी झाडावर हाय. अंडी उघडी पडलीयत. हवा गार हाय, पिल्लू आतल्या आत जाईल. आधी तितली मानसं हालवा कुनीतरी. माझं ऐकत न्हाईत त्ये. वाचमन समजत्यात."

ठराव आपोआप पडला. अभयनी सोनबांचा हात दोन्ही हातांत धरला, आणि गाडीची किल्ली काढून दाराकडे धावले.

जिना उतरताना मी ओव्हाळबाईंना गाठलं. "तुम्हाला चावीचं नाव माझ्या तोंडून सहज मिळत होतं. थांबवलंत का?"

"तुम्ही नाव घेतलं असतं तर त्या पकडल्या गेल्या असत्या," बाई म्हणाल्या. "हा न्यास त्यांनी उभा केला आहे. स्वतः उभं राहायची संधी त्यांना मिळायला हवी होती. आणि त्या राहतील असं मला वाटलं."

"नसत्या राहिल्या तर?"

"तर मी नाव घेतलं असतं. सोनबांना मी जाऊ देणार नव्हते."

मी इतकी वर्षं हुशार माणसं पाहिली. हुशारी इतकी जपून वापरणारं माणूस पहिल्यांदा पाहिलं, आणि तेही मीच नाकं मुरडलेलं.

सिंहगड रस्त्यानं आम्ही दोन गाड्यांतून निघालो. सुनीतीताईंना येऊ नका म्हणून सांगून पाहिलं. त्या अभयच्या गाडीत आधीच बसल्या होत्या. खाणीकडे जाणारी कच्ची वाट जिथे सुरू होते तिथे सलिलनं गाडी आडवी लावली आणि ग्रुपवर कोणी येऊ नका असा संदेश टाकला. मग सोनबांच्या मागून आम्ही आत गेलो. आतल्या माणसांना तिथून बाहेर काढणं सोपं गेलं नाही. एकजण म्हणाला, पब्लिक जागा आहे. दुसरा म्हणाला, दोनशे किलोमीटरवरून आलोय. ओव्हाळबाईंनी प्रत्येकाचं नाव-गाव विचारून शांतपणे कागदावर लिहायला सुरुवात केली, तसे दोनशे किलोमीटरवालेही कॅमेऱ्याच्या तिपाया मिटू लागले. दुपारी एकपर्यंत खाण मोकळी झाली.

नंतरही गाड्या येतच राहिल्या. वाटेच्या तोंडाशी एका झाडाच्या पातळ सावलीत सोनबांनी ताईंना दगडावर गोणपाट घालून दिलं होतं. ऊन सरकलं की त्या उठून सावलीबरोबर सरकत. गाडी आली की काठी टेकत पुढे जात आणि सांगत, "यादी मी दिली होती. चूक माझी आहे. आता परत फिरा." त्यांच्यापेक्षा पन्नास वर्षांनी लहान मुलं मान खाली घालून गाडी वळवत होती. मी बाजूला उभा राहून ते बघत होतो, आणि सकाळी ताईंबद्दल जे काही मनात आलं होतं ते एकेक करून मागे घेत होतो.

चारच्या सुमाराला सोनबा खाणीतून धावत आले. मादी परत अंड्यांवर बसली होती. ताईंनी डोळे मिटले, आणि पदरानं ते पुसायचीही त्यांनी लाज धरली नाही.

तेवढ्यात आणखी एक गाडी थांबली. काच खाली झाली. आतल्या तरुणानं काठी टेकलेल्या बाईकडे पाहिलं आणि जरा तोऱ्यातच विचारलं, "आत का नाही जायचं? आपण कोण?"

सुनीतीताईंनी शेजारी उभ्या असलेल्या सोनबांकडे हात केला.

"हे इथले राखणदार," त्या म्हणाल्या. "मी यांच्या हाताखाली आहे."